फिनवरचा ‘एच’ येतो कुठून? मोजणीमागची सव्वातीनशे वर्षं

मेकॅनिकलच्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये पिन-फिनचा, म्हणजे उष्णता हवेत जास्त जावी म्हणून बसवलेल्या कांडीचा, सेट-अप बहुतेक कॉलेजांत असतोच. चौकोनी डक्ट, त्यात आडवी बसवलेली पितळेची कांडी, तिच्या एका टोकाला हीटर, ब्लोअर, हवेचा वेग काढायला ऑरिफिस (भोकाची चकती) आणि यू-ट्यूब मॅनोमीटर, हीटरची वीज कमी-जास्त करायला डिमरस्टॅट आणि थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) एकामागून एक वाचायला सिलेक्टर स्विच. जर्नलमध्ये शेवटी ‘एच’ची, म्हणजे पृष्ठभागाकडून हवेत उष्णता किती सहज जाते ते सांगणाऱ्या गुणांकाची, किंमत लिहिली जाते. पण टेबलावर एच दाखवणारं एकही उपकरण नसतं. उष्णता, क्षेत्रफळ आणि पृष्ठभाग व हवा यांच्या तापमानातला फरक, या तीन गोष्टींवरून एच काढावा लागतो. साध्या नळीचं ते सहज जमतं. फिनवर मात्र बुडापासून टोकापर्यंत तापमान बदलत जातं, त्यामुळे फरक कोणत्या जागेचा धरायचा इथेच गाडी अडते. ही अडचण सुटत कशी गेली, हे पाहिलं की त्या प्रयोगातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात न्यूटनपासून करावी लागते. १७०१ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये त्याचं एक लॅटिन टिपण निनावी छापून आलं. तापमापकाच्या आवाक्याबाहेरची तापमानं काढण्यासाठी त्याने लालभडक लोखंड थंड व्हायला ठेवलं आणि त्यावर धातूंचे छोटे तुकडे ठेवून ते कधी थिजतात ती वेळ टिपली. हे लोखंड त्याने स्थिर हवेत ठेवलं नाही, एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवलं. गरम झालेली हवा लगेच वाहून जावी आणि तिच्या जागी सारखी थंड हवा येत राहावी, हा त्यामागचा विचार. ज्याला आपण फोर्स्ड कन्व्हेक्शन म्हणतो त्याची अट इतक्या लवकर इतक्या नेमकेपणाने घातली गेली होती, याचं मला आजही कौतुक वाटतं. मात्र एच हा गुणांक त्या टिपणात नाही. पृष्ठभागाची ‘बाह्य वाहकता’ म्हणून तो फ्रेंच गणितज्ञ फूरिएच्या १८२२ च्या ग्रंथात ठळकपणे येतो.

फूरिएच्या आसपासच फिनचं गणितही तयार होत होतं, फक्त त्याला फिन कोणी म्हणत नव्हतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बिओने १८०४ च्या सुमारास धातूची दांडी एका टोकाला तापवून तिच्या लांबीवर ठिकठिकाणी तापमान पाहिलं. पुढे देप्रेने दांडीत भोकं पाडून, त्यांत पारा भरून, तापमापक बसवले. लांब दांडीवर सारख्या अंतरांना तापमानातला फरक सारख्या पटीने घटत जातो, हे त्यातून पक्कं झालं. या मंडळींना हवी होती धातूची वाहकता. बाजूने हवेत निसटणारी उष्णता त्यांच्या लेखी अडथळा होती. शंभर वर्षांनी इंजिनवाल्यांना नेमकी तीच निसटणारी उष्णता हवी होती, आणि समीकरण तयार होतं.

मधला काळ भराभर ओलांडायला हरकत नाही. रेनॉल्ड्सने १८७४ मध्ये बॉयलरच्या पृष्ठभागावरची उष्णता आणि वाहत्या द्रवाचं घर्षण यांचा संबंध मांडला. नुसेल्टने १९१५ मध्ये परिमाणरहित, म्हणजे एकक नसलेल्या, अंकांच्या भाषेत उष्णता-संक्रमणाचा नियम लिहिला, त्यामुळे एका आकाराच्या नळीवरची मोजणी दुसऱ्या आकाराला लावता येऊ लागली.

फिन्सची निकड आणली ती विमानांनी. पहिल्या महायुद्धाआधीच्या नोम रोटरी इंजिनात अख्खं इंजिन गरगर फिरायचं आणि पोलादी सिलिंडरवर कातलेल्या पातळ फिन्सना त्यातूनच हवा मिळायची. इंजिन स्थिर ठेवून जास्त ताकद काढायची तर अंदाजपंचे भागणार नव्हतं. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत गिब्सन आणि हेरॉन यांनी युद्धाच्या काळात एअर-कूल्ड सिलिंडरवर पद्धतशीर चाचण्या केल्या. गिब्सनने त्यांचे निष्कर्ष १९२० मध्ये प्रसिद्ध केले. हेरॉन नंतर अमेरिकेत गेला.

अमेरिकेतच, ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या हार्पर आणि ब्राउन यांनी १९२२ मध्ये नाकासाठी, म्हणजे आजच्या नासाच्या पूर्वसंस्थेसाठी, रिपोर्ट क्रमांक १५८ लिहिला. फिनच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे असं माझं मत आहे. संपूर्ण फिन बुडाच्या तापमानाला असती तर जेवढी उष्णता गेली असती, त्याचा किती हिस्सा प्रत्यक्षात जातो, हे गुणोत्तर त्यांनी मांडलं. आज आपण त्याला फिन एफिशियन्सी म्हणतो. टोकावरून जाणारी उष्णता हिशेबात घ्यायला फिनची लांबी अर्ध्या जाडीने वाढवून धरायची, ही पाठ्यपुस्तकातली युक्तीही त्यांचीच.

हे गुणोत्तर किती फरक पाडतं ते आपल्या लॅबमधल्या कांडीवरच पाहू. व्यास १२ मिलिमीटर, लांबी १५० मिलिमीटर, पितळेची वाहकता ११०, एच ३० धरला. फिनच्या समीकरणातला एम, म्हणजे कांडीवर तापमान किती झपाट्याने घटतं ते सांगणारा आकडा, येतो साधारण ९.५, एम गुणिले लांबी १.४३ आणि एफिशियन्सी सुमारे ६२ टक्के. बूड हवेपेक्षा ६० अंशांनी गरम असेल तर टोक जेमतेम २७ अंशांनी गरम राहतं. सगळ्या कांडीला बुडाचं तापमान लावून एच काढला तर ३० च्या जागी १९ च्या आत उत्तर येईल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या कांडीतून हवेत जाणारी उष्णता फक्त सहा वॅटच्या आसपास भरते. हीटरला आपण त्याहून कितीतरी जास्त वीज देतो आणि उरलेली हीटरच्या घरातून, बोल्टमधून, डक्टच्या भिंतीतून निघून जाते. म्हणून व्होल्टमीटर आणि अ‍ॅमीटरचा गुणाकार इथे फिनची उष्णता म्हणून चालत नाही.

मग जर्नलमधला एच येतो कुठून? मॅन्युअलमध्ये रेनॉल्ड्स नंबर (हवेचा वेग आणि कांडीचा व्यास यांवरून येणारा एकक नसलेला अंक) ४० ते ४००० असेल तर ‘०.६१५ गुणिले रेनॉल्ड्सचा ०.४६६ वा घात’ आणि त्यापुढे ४०,००० पर्यंत ‘०.१७४ गुणिले ०.६१८ वा घात’ असं नुसेल्ट नंबरचं, म्हणजे ज्या अंकातून एच मिळतो त्याचं, सूत्र असतं. या घातांकांचा उगम जर्मनीत हिल्पर्टने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजण्यांत आहे. त्याने वाऱ्याच्या झोतात आडव्या धरलेल्या तापलेल्या तारा आणि नळ्या मोजल्या होत्या. म्हणजे विद्यार्थी ऑरिफिसवरून हवेचा वेग काढतो, हिल्पर्टच्या तारांवरून एच उचलतो, तो फिनच्या समीकरणात घालतो आणि येणारी तापमानं थर्मोकपलशी ताडून पाहतो. प्रयोग चांगलाच आहे, पण त्यात तपासली जाते ती हार्पर-ब्राउनची पद्धत. एचची स्वतंत्र मोजणी त्यात होत नाही. व्हायवाच्या आधी हे एवढं जरी शिक्षकांनी सांगितलं तरी मुलांच्या डोक्यातला मोठा गुंता सुटेल.

खरी मोजणी कशी असते ते नाकाच्या लँग्ली प्रयोगशाळेत बियरमन आणि पिंकेल यांनी दाखवलं. १९३४ च्या रिपोर्ट ४८८ साठी त्यांनी फिन्स असलेले सिलिंडर विजेने तापवून हवेच्या झोतात धरले आणि फिन्समधलं अंतर, उंची, वाऱ्याचा वेग बदलत तापमानं घेतली. इथे गोल सिलिंडरची नवी डोकेदुखी होती: वाऱ्याकडची बाजू थंड, पाठची गरम. इंजिनवर वाकवलेले पत्र्याचे बॅफल दिसतात ते हवेला पाठीमागे वळवून आणायला. फिन्स जवळ आणल्या की पृष्ठभाग वाढतो, पण एका मर्यादेनंतर दोन फिन्सवरचे हवेचे मंद थर एकमेकांना भिडतात आणि एच घसरतो, हेही अशाच चाचण्यांतून आकड्यांत उतरलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्य काम स्टॅनफर्डला सरकलं. केज आणि लंडन यांनी अमेरिकी नौदलाच्या पाठबळावर फिन्सवाल्या हीट एक्स्चेंजरचे अनेक नमुने एकेक करून तपासले आणि १९५५ मध्ये ते आकडे पुस्तकरूपाने आणले. त्यांची एक हुशारी सांगण्याजोगी आहे. एका बाजूला वाफेचं पाणी होऊ द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने हवा फुंकायची. पाणी होणाऱ्या वाफेचा उष्णतेला विरोध नगण्य असतो आणि भिंत जवळजवळ एका तापमानाला राहते, त्यामुळे मोजलेला विरोध बहुतांश हवेच्या बाजूचाच असतो. हवेने किती उष्णता उचलली ते तिच्या आत-बाहेरच्या तापमानावरून थेट मिळतं. हीटरच्या गळतीचा प्रश्नच मिटतो. दोन्ही बाजूंचा विरोध वेगळा काढायची विल्सनची आलेखपद्धत १९१५ पासून होतीच. स्टॅनफर्डच्याच क्लाइनने मॅक्लिंटॉकसोबत १९५३ मध्ये प्रत्येक वाचनातली अनिश्चितता अंतिम उत्तरात कशी उतरते याची रीत दिली, आणि आज कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘अनसर्टन्टी’चं प्रकरण असतं ते तिच्यामुळे.

एक गृहीतक मात्र या सगळ्यांनी सांभाळलं होतं: एच फिनभर सारखा आहे. गार्डनरने १९४५ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या फिन्सच्या एफिशियन्सीचे आलेख दिले, तेही याच अटीवर. १९७४ मध्ये साबोया आणि स्पॅरो यांनी ही अट तपासली, आणि तीही उष्णता न वापरता. नळ्या ओवलेल्या फिनच्या जागी नॅफ्थलीनच्या, म्हणजे डांबरगोळ्यांच्या पदार्थाच्या, ओतीव पट्ट्या बसवल्या आणि त्यावरून हवा सोडली. जिथे हवा जास्त खरवडते तिथे नॅफ्थलीन जास्त उडून जातं. वस्तुमान आणि उष्णता यांच्या संक्रमणाचे नियम सारखे असल्याने झिजेची खोली मोजून जागोजागचा गुणांक मिळतो. नळीच्या पुढच्या बाजूला भोवऱ्यामुळे तो खूप चढलेला आणि नळीच्या मागे, सावलीत, पडलेला दिसला.

तरीही रेडिएटर आणि एसी कॉइलच्या हिशेबात गार्डनरचे आलेख टिकून आहेत. प्रसिद्ध झालेले एच त्याच एफिशियन्सीच्या सूत्राने भागून काढलेले असतात, त्यामुळे डिझाइन करताना तेच सूत्र उलटं वापरलं की गृहीतकातली चूक बरीचशी कटते. सीएफडीमधून, म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर सोडवून, जागोजागचा एच काढून त्याची सरासरी जुन्या एफिशियन्सीच्या आलेखात घातली की ती कटत नाही. तिथे फिनमधलं वहन आणि हवेचं अभिसरण एकत्रच सोडवावं लागतं.