नदीच्या तळाशी उतरण्याआधी परवाना कशासाठी?

नदीत स्कूबा डाइव्ह करून जीवाश्म आणि जुन्या वस्तू शोधायच्या, तर भरती-ओहोटीच्या वेळांइतकाच तिथला कायदाही पाहावा लागतो. हा छंद अमेरिकेच्या आग्नेय भागात, त्यातही साउथ कॅरोलायनात चांगला रुजला. त्याची पाळंमुळं मात्र खताच्या धंद्यात आहेत.

चार्ल्सटनजवळ अ‍ॅशली नदीच्या परिसरात १८६७ पासून खतासाठी लागणारं फॉस्फेट हे खनिज काढायला सुरुवात झाली. पुढे ड्रेजर लावून नदीचे तळही उपसले गेले. फॉस्फेटच्या खड्यांसोबत मेगालोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचे तळहाताएवढे दात वर येत. १८९३ च्या चक्रीवादळात ड्रेजर आणि होड्यांची वाताहत झाली, त्यात फ्लोरिडाच्या फॉस्फेटची स्पर्धा, आणि नदीतला उपसा हळूहळू थंडावला. दात मात्र संपले नव्हते. प्रवाह हलका गाळ वाहून नेतो, जड जीवाश्म खडीत मागे राहतात.

१९४३ मध्ये फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं उपकरण तयार केलं आणि पुढच्या काही वर्षांत हौशी माणसालाही त्या खडीपर्यंत पोहोचता येऊ लागलं. चार्ल्सटनजवळचीच कूपर नदी या मंडळींची लाडकी. पाणी चहासारखं तपकिरी, खाली टॉर्चशिवाय काही दिसत नाही. प्रवाहाची ओढ इतकी की डायव्हर तळात स्क्रू-ड्रायव्हर रोवून त्याच्या आधाराने पुढे सरकतात. काठावर एकेकाळी भाताचे मोठे मळे होते, गुलाम कामगारांच्या श्रमावर चालणारे. त्यामुळे शार्कच्या दाताशेजारी अठराव्या शतकातली बाटलीही पडलेली असते. हाताने घडवलेल्या काही मातीच्या वाडग्यांच्या बुडाला फुलीची खूण सापडली. पुरातत्त्वज्ञ लेलँड फर्ग्युसन यांनी तिचा संबंध मध्य आफ्रिकेतल्या बाकोंगो लोकांच्या विश्वकल्पनेशी जोडला. त्यावर मतभेद आहेत, पण वाडगा नेमका कुठे मिळाला याची नोंदच नसती, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

साउथ कॅरोलायनाचा १९९१ चा कायदा याच नोंदीवर भर देतो. हौशी डायव्हरने परवाना घ्यायचा, सुटी सापडलेली वस्तू फक्त हाताने उचलायची आणि काय, कुठे मिळालं ते कळवायचं. जुन्या वस्तूंची माहिती विद्यापीठाच्या पुरातत्त्व संस्थेकडे जाते, जीवाश्मांची राज्य संग्रहालयाकडे. तडजोड आहे खरी, पण माझ्या मते शहाणपणाची.

फ्लोरिडाने असाच प्रयोग करून पाहिला. मात्र बरेच जण सापडलेलं कळवतच नाहीत, हा आक्षेप वाढत गेला आणि २००५ मध्ये ती योजना बंद झाली. गंमत अशी की याच राज्यात ऑसिला नदीतलं पेज-लॅडसन हे स्थळ १९८० च्या दशकात बडी पेज या डायव्हरमुळे संशोधकांपर्यंत पोहोचलं. तिथे मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा सुळा मिळाला, त्यावर कापल्याच्या खुणा होत्या. त्या खुणा माणसाने केल्या हे बरीच वर्षं अनेकांना पटलं नाही. पुन्हा उत्खनन झालं, दगडी अवजारं मिळाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तिथला माणसाचा वावर सुमारे १४,५५० वर्षांपूर्वीचा ठरवला. हे जमलं, कारण तिथले गाळाचे थर शाबूत होते. उघड्या खडीत सगळे काळ एकमेकांत मिसळलेले असतात.

आज फ्लोरिडातल्या सरकारी मालकीच्या नदीपात्रातून शार्कचा दात परवान्याशिवाय उचलता येतो. शेजारच्या मॅस्टोडॉनच्या हाडासाठी राज्याच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा परवाना लागतो, आणि दगडी बाणाचं टोक दिसलं तर ते तिथेच सोडून वर यावं लागतं.