पडायचं कसं, हे शिकलेला ट्रक

मराठीत पाय जड झाला म्हणजे माणसाला निघवत नाही. बॉब चँडलरचं नेमकं उलट होतं. त्याचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर इतका जड पडायचा की गाडी सुसाट निघायची आणि काहीतरी मोडूनच परत यायची. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुइस शहराच्या उपनगरी भागात, त्याचं आणि त्याची बायको मॅरिलिन हिचं फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या सुट्या भागांचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. १९७४ सालची निळी फोर्ड एफ-२५० पिकअप ही त्याची घरची गाडी आणि दुकानाची चालतीबोलती जाहिरात. तो ती चिखलात, खडकांवर पिटाळायचा आणि मोडून आणायचा. हे सगळं तुझ्या त्या भल्यामोठ्या पायामुळे होतंय, असं दुकानाचा व्यवस्थापक रॉन मॅग्रूडर त्याला ऐकवायचा. टोमण्याचंच गाडीला नाव पडलं : बिगफूट, म्हणजे मोठा पाय. राक्षसी चाकांच्या, मोटारी चिरडत जाणाऱ्या ज्या गाड्यांना मॉन्स्टर ट्रक म्हणतात, त्यांतलं हे सगळ्यात गाजलेलं नाव.

मोडलेला भाग चँडलर तसाच परत बसवायचा नाही, त्याहून दणकट बसवायचा. मग त्या दणकट भागाला शोभेल असं मोठं चाक. मोठ्या चाकानं पुन्हा एक्सल, म्हणजे चाकांना फिरवणारा आस, तुटायचा. यात दुर्दैव काही नव्हतं, साधी तरफ होती. नट हलत नसला की आपला गॅरेजवाला पान्याला हातभर पाइप जोडतो. दांडा लांबला की तेवढ्याच जोरात पीळ वाढतो. चाकाचंही तसंच आहे. टायर जमिनीला जिथे धरतो तिथपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे तो दांडा. चाक मोठं केलं की दांडा लांबतो आणि एक्सल पिळवटून तुटतो. मग चँडलरनं लष्कराच्या जड मालवाहू गाड्यांचे एक्सल आणून बसवले. मागची चाकंही वळतील अशी सोय केली. १९७९च्या सुमारास लोक या गाडीकडे माना वळवून बघायला लागले आणि तिला प्रदर्शनांतून पैसे देऊन बोलावणं येऊ लागलं.

आता टायरकडे जरा जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. बिगफूटचे पहिले मोठे टायर ४८ इंची होते, पुढे ६६ इंची आले : उंची १.६८ मीटर, रुंदी जवळजवळ १.१ मीटर. मध्यम उंचीच्या माणसानं शेजारी उभं राहावं तर डोकं बरोबरीला येईल. हे टायर कुणी गाड्या चिरडायला बनवले नव्हते. ते होते ओल्या शेतात खत पसरणाऱ्या यंत्रांसाठी. वजनदार यंत्र भिजलेल्या जमिनीत रुतू नये, माती दाबून घट्ट होऊ नये, म्हणून रुंद, मऊ आणि कमी हवेचे. म्हणजे जमिनीवर अलगद पाऊल टाकावं यासाठी जन्माला आलेली वस्तू.

ढोबळ हिशेब करून बघा. आजचा असा ट्रक साधारण साडेचार टनांचा. प्रत्येक चाकावर आला सव्वाअकराशे किलो भार. टायरमधली हवा एका चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास धरली, तर तो भार सुमारे सव्वाअकराशे चौरस सेंटिमीटर जागेवर पसरतो. जमिनीवर पडणारा दाब झाला एका चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. चालताना तुमचीआमची टाच जमिनीवर टेकते त्या क्षणी तिथला दाब याच घरातला किंवा याहून जास्त असतो. ट्रक ज्या मातीवरून सावकाश जातो, त्या मातीला तो फार भारी वाटत नाही.

मग मोटारीचा टप पापडासारखा का मोडतो? कारण पत्र्याचा प्रश्न दाबाचा नसून एकूण भाराचा असतो. टपाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड, आणि तो पेलायला चार कोपऱ्यांत बारीक खांब. सव्वाअकराशे किलो त्या पत्र्याच्या मध्यावर आले, तेही उसळी घेत, की खांब वाकतात आणि बाकीचं आपोआप होतं. माती खालून सगळीकडे आधार देते, टपाखाली नुसती हवा असते.

१९८१ मध्ये चँडलरनं एका शेतात दोन भंगार मोटारी उभ्या केल्या, त्यांच्यावरून ट्रक चढवला आणि त्याची व्हिडिओ टेप काढली. हेतू फार मोठा नव्हता; दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायची एवढंच. ती टेप एका कार्यक्रम भरवणाऱ्याच्या नजरेला पडली आणि त्यानं हेच लोकांसमोर करायला सांगितलं. मोडतोड करणारा माणूस अशी आपली ओळख होईल म्हणून चँडलर आधी कचरला. पण १९८२ मध्ये त्यानं ते केलं, आणि त्याच वर्षी मिशिगन राज्यातल्या पॉन्टियाक शहराच्या सिल्व्हरडोम या झाकलेल्या स्टेडियममध्ये ६६ इंची टायरांचा नवा बिगफूट उतरवला. त्यानंतर मागे वळून पाहणं झालं नाही. मोटारींवर पहिल्यांदा ट्रक कुणी चढवला, यावर त्या काळचे आणखी एक-दोघे हक्क सांगतात. मला त्या भांडणात रस नाही. नाव टिकलं ते बिगफूटचं, हे खरं.

लोकांना मोठं आवडतं म्हटल्यावर आणखी मोठं करायचा मोह होणारच. १९८६ मध्ये चँडलरनं पाचव्या नंबरचा बिगफूट बांधला. त्याचे टायर दहा फूट उंच. हेही टायर दुसऱ्याच कामासाठी बनलेले, भंगारातून आणलेले. १९५० च्या दशकात लटोर्नो या कंपनीनं अमेरिकी लष्करासाठी अलास्काच्या बर्फाळ, दलदलीच्या मुलखात चालणारी, रुळांशिवायची आगगाडी म्हणावी अशी वाहनांची माळ बनवली होती, तिचे. हा ट्रक उभा असताना ४.७ मीटर उंच भरतो आणि वजन सतरा टनांच्या वर जातं. गिनीजच्या नोंदीत त्याचं नाव आहे. मुलं त्याच्या चाकाच्या वाटीत बसून फोटो काढतात.

आणि तो जवळपास काहीच करत नाही. उडी मारत नाही, शर्यत जिंकत नाही, सावकाश मोटारींवरून जातो आणि उभा राहतो. दहा फुटी चाक फिरवायला सुरुवात करणं आणि फिरत्याला थांबवणं, दोन्ही महागात पडतं. वजन बाहेरच्या कडेला, मध्यापासून लांब असलं की फिरवायला लागणारी ताकद अंतराच्या वर्गानं वाढते. मोठेपणाची वाट तिथे संपली. माझ्या मते बिगफूटची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती चाकांची नाही. ती पडण्याची आहे.

जुन्या ट्रकांच्या खाली आपल्या मालट्रकांसारखेच पाटे असायचे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. भार वाहायला उत्तम, पण दबतात थोडेच आणि दबले की तेवढ्याच जोरानं उसळतात. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधक ओलांडलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. टपावर डोकं आपटतं ते खड्ड्यामुळे कमी आणि परत येणाऱ्या उसळीमुळे जास्त. सहा टनांच्या आसपासचे, पाट्यांवर उभे असलेले ते ट्रक जरा हवेत गेले की खाली येताना चासी वाकायची आणि चालवणाऱ्याची पाठ आखडायची.

१९८९ मध्ये आठव्या नंबरचा बिगफूट आला. त्याचा आराखडा संगणकावर काढलेला होता. लांब गर्डरांची चासी गेली, पोलादी नळ्यांचा पिंजरा आला. पाटे गेले, त्यांच्या जागी तरफांनी जोडलेले नायट्रोजनचे लांब शॉकअप आले. महागड्या मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअपला गॅसची डबी चिकटलेली असते ना, तत्त्व तेच. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकललं जातं, त्या घासण्यात उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पाटा ऊर्जा साठवून परत देतो. हा शॉकअप ती गिळून तापतो. नायट्रोजनचं काम दोन : दाबला गेल्यावर स्प्रिंगसारखं उलट ढकलायचं, आणि तेलाला दाबाखाली ठेवून त्याचा फेस होऊ द्यायचा नाही. फेस झाला की शॉकअप मेला. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, चालक अँडी ब्रासनं या ट्रकवर शर्यतींच्या मालिकेचं विजेतेपद मिळवलं. नंतर जो तो तसाच ट्रक बांधू लागला.

याची किंमत कळायला ११ सप्टेंबर १९९९ चा दिवस बघावा लागतो. टेनेसी राज्यातलं स्मर्ना इथलं विमानतळ. धावपट्टीवर बोइंग ७२७ आडवं उभं. चौदाव्या नंबरच्या बिगफूटमध्ये डॅन रंटी. त्यानं ताशी ६९.३ मैल, म्हणजे साधारण १११ किलोमीटरचा वेग घेतला, उतारावरून ट्रक हवेत सोडला आणि विमानाच्या धडावरून पलीकडे उतरवला. उडी २०२ फूट, म्हणजे ६१ मीटरहून जास्त.

शाळेतलं प्रक्षेपकाचं सूत्र आठवत असेल तर बाकीचं घरी बसून काढता येतं. वेग सेकंदाला ३१ मीटर, अंतर ६१ मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर उडताना कोन साधारण वीस अंशांचा पडतो. ट्रक दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ हवेत राहतो आणि सुमारे साडेपाच मीटर उंच जातो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून साडेचार टन खाली सोडल्यासारखं. खाली येतानाचा उभा वेग सेकंदाला दहा मीटरच्या थोडा वर. हा वेग पंधरा सेंटिमीटरांत मारायचा झाला, तर माणसाला गुरुत्वाच्या छत्तीस पट झटका बसेल. पाऊण मीटरभर अंतरात मारला तर सात पट. आठव्या नंबरच्या ट्रकनं जगाला शिकवलं ते हे मधलं साठ सेंटिमीटरांचं अंतर. शिवाय उतरण्याची जागा उताराची केली की झटका आणखी कमी होतो, आणि ढोल्या टायरांचं चेपणं वेगळंच.

पण ट्रक नाकावर पडला तर शॉकअप काय करणार? हवेत असताना धरायला काही नसतं. इथे चालवणाऱ्याचं कसब लागतं आणि इथलं विज्ञान मला सगळ्यात आवडतं. माझ्या भाच्याची रिमोटची गाडी ओट्यावरून उडताना तुम्ही हवेतच ट्रिगर दाबा : नाक वर होतं. ब्रेक मारा : नाक खाली येतं. हवेत बाहेरून पीळ देणारं कुणी नाही, म्हणून गाडीचा एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, जेवढा आहे तेवढाच राहतो. चाकं पुढच्या दिशेनं जोरात फिरवली, तर हिशेब जुळवायला धड उलट्या दिशेनं फिरतं. रिमोटच्या गाडीची चाकं चिमुकली. बिगफूटची चार चाकं तीनशे-तीनशे किलोंच्या घरातली, आणि ताशी १११ च्या वेगात मिनिटाला साडेतीनशे फेऱ्या घेणारी. चाकं कसली, दळायची चार दगडी जाती म्हणा. त्यांना हवेत एकदम थोपवलं की सगळा ट्रक पुढे कलंडतो. म्हणजे चालवणारा दोन सेकंदांत पायानं ट्रकचं नाक वर-खाली करत असतो, जमीन दिसत नसताना. रंटीचा पायही तोलूनमापून पडला पाहिजे. चँडलरसारखा दाबून भागत नाही.

हातांना वेगळं काम असतं. एका हातात पुढच्या चाकांचं स्टिअरिंग, दुसऱ्या हाताच्या बोटाखाली मागच्या चाकांचा बटणवजा खटका. मधोमध बसलेला, पाचपदरी पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेला माणूस. नऊ लिटरांहून मोठं इंजिन, दीड हजाराच्या आसपास हॉर्सपॉवर, इंधन मिथेनॉल. मिथेनॉलचं एक वाईट आहे : त्याची ज्योत भर उन्हात दिसतच नाही. चांगलं हे की बाष्प होताना ते पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता शोषतं आणि तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त लागतं, त्यामुळे इंजिन आतून थंड राहतं. ट्रक हाताबाहेर गेला तर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला रिमोट इंजिन बंद करतो. हा नियम आणणारी संघटना १९८८ मध्ये उभी राहिली, तीत चँडलर पुढे होता.

चँडलरच्या दुकानात सुरुवातीपासून असलेला जिम क्रेमर, ब्रास, रंटी; चालवणारे बदलत गेले. ट्रकही बदलले. पहिल्या बिगफूटचा एक नटही विसाव्या बिगफूटमध्ये नाही, नंबरांची रांग मात्र चालू आहे. (तेरावा बिगफूट नाही. तेराचा आकडा अशुभ म्हणून गाळला. विमानावरून उडी मारणाऱ्यांनाही हे सुटत नाही.) २०१२ मध्ये रंटीनंच अठराव्या बिगफूटमध्ये २१४ फूट ८ इंचांची उडी मारली, पुढच्याच वर्षी जो सिल्व्हेस्टरनं बॅड हॅबिट नावाच्या ट्रकमध्ये ७२.४२ मीटर मारून ती मागे टाकली. बिगफूट ज्या स्पर्धेपासून अलग राहिला त्या मॉन्स्टर जॅम मालिकेच्या ६६ इंची टायरांचा पुरवठा २०१४ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजनं, म्हणजे बीकेटीनं, सुरू केला. शेतीच्या टायरांत नाव कमावलेली कंपनी. खताच्या यंत्रावरून आलेला टायर पुन्हा शेतीच्या टायरवाल्यांकडेच गेला.

विसावा बिगफूट २०१२ च्या अखेरीस दाखवला गेला. तो विजेवर चालतो. इंजिन नाही, ३६ बॅटऱ्या आहेत, शिशाच्या. ज्या ट्रकनं वीस-पंचवीस वर्षं एकेक किलो उतरवला, त्याच्या पोटात शिसं भरायचं, हे ऐकायलाही विचित्र वाटतं. पण तो मोटारींवर चढतो तेव्हा गर्जना नसते. आधी टायर टेकल्याचा दबका आवाज, मग टपाचा पत्रा चेपत जातानाची कुरकुर, मग खांब वाकतानाची करकर, एकामागून एक, वेगवेगळे ऐकू येतात.