राणीछाप रुपया पाण्यात किती हलका होतो?

गणपतीत गावच्या घरी माणसं जमली की फडताळातला जुना डबा बाहेर येतोच. राणीछाप रुपये, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, एखादी तांब्याची शिवराई, गोव्याकडून आलेला पोर्तुगीज रुपया, सगळं एकत्र. मग चाकरमान्यांपैकी कुणीतरी फ्रिजवरचं चुंबक काढून आणतो आणि निवाडा देतो: चिकटलं ते खोटं, न चिकटलं ते खरं.

हा निवाडा दोन्ही बाजूंनी फसतो. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया शुद्ध निकेलचा आहे. निकेल चुंबकाकडे ओढलं जातं, तेव्हा तो रुपया चिकटलाच पाहिजे. नाही चिकटला तर शंका घ्या. उलट पितळ, शिसं, कथील, जर्मन सिल्व्हर यांतलं काहीच चुंबकाला दाद देत नाही, आणि चांदीच्या रुपयाची नक्कल करायला हेच धातू सोयीचे. चुंबकाने लोखंडाची नक्कल पकडली जाते, त्यापलीकडे फारसं काही नाही.

माझा भरवसा पाण्यावर आहे. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे राणीच्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, उरलेलं तांबं. या मिश्रणाची घनता, म्हणजे एका घनसेंटिमीटरचं ग्रॅममधलं वजन, साधारण १०.३ येते. रुपया झिजला तर वजन घटतं, घनता मात्र तीच राहते, म्हणून नुसत्या वजनापेक्षा ती मोजणं चांगलं.

दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. रुपया आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. रुपया दोऱ्यावर लटकतोय, त्याचा भार तुमच्या हातावर आहे, तरी काटा आकडा दाखवतो! कारण पाणी रुपयाला वर ढकलतं तेव्हा रुपयाही तेवढ्याच जोराने पाण्याला खाली ढकलतो, आणि तो जोर पेल्यातून काट्यापर्यंत पोचतो. आर्किमिडीजच्या नियमाने हा जोर बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. एक घनसेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. तेव्हा काट्यावर जे ग्रॅम दिसतात तेच रुपयाचं घनफळ.

खऱ्या रुपयाला आकडा १.१३ च्या आसपास यायला हवा. ११.६६ भागिले १.१३, म्हणजे १०.३. जर्मन सिल्व्हर नावापुरतंच सिल्व्हर. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, घनता ८.७ च्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या नकलेला काटा १.३४ दाखवेल. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे, पण काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅमचा काटा १.१ म्हणाला तर घनता १०.६, १.२ म्हणाला तर ९.७, त्यावरून काही ठरवता येत नाही.

नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की घनफळ फुगतं आणि खरा रुपया खोटा ठरतो. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाका. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं खारवलेलं पाणीही नको. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ असते, त्यात खरा रुपया १०.१ दाखवील. आणि साल बघायला विसरू नका. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, बाकी तांबं, निकेल, जस्त. तो अस्सल असूनही ९.५ च देतो.

आता गंमत बघा. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३. वजनाने सुमारे ८२ टक्के शिसं आणि १८ टक्के कथील ओतलं की घनता नेमकी चांदीच्या रुपयाची! पाणी इथे फसतं. पण असा धातू मऊ. त्याच्या आतच कंपनं जिरून जातात, म्हणून दगडावर टाकला की बद्द वाजतो. चांदी-तांब्याच्या मिश्रणात कंपनं बराच वेळ टिकतात. जुने सराफ रुपया वाजवून घेत तो यासाठीच. शंका फारच असेल तर छिन्नीचा घाव घालून आतली चांदी बघत. कोकणच्या बंदरांत चाललेल्या, दुमडलेल्या चांदीच्या तारेच्या लारी नावाच्या नाण्यांवर असे घाव दिसतात. आजची सराफी पेढीवरची क्ष-किरण यंत्रं मात्र वरची कातडीच वाचतात. मुलामा जाड असला की त्यांचा आकडा मुलाम्याचा असतो, नाण्याचा नव्हे.

याच डब्यात कधीकधी राम-सीता-मारुतीचं चित्र आणि १८१८ साल असलेलं कंपनीचं ‘एक आण्याचं’ नाणं निघतं. कंपनीने असं नाणं पाडलंच नाही. एक आण्याचं नाणं ब्रिटिश हिंदुस्थानात आलं ते विसाव्या शतकात, तेही तांबं-निकेलचं. यात इरिडियम हा दुर्मिळ धातू आहे, ते तांदूळ ओढून घेतं, अशा थापा मारून लोकांना लाखोंना बुडवलं जातं. तांदळाला लोखंडाचा कीस आणि कुठेतरी दडवलेलं चुंबक, एवढ्यावर हा खेळ होतो. इरिडियमची घनता २२ च्या वर आहे. विकणाऱ्यासमोर पेला आणि दोरा ठेवा, बघा काय म्हणतो ते.

शिवराईला मात्र यातलं काही लागू नाही. नकलाही तांब्याच्याच, घनता तीच. तिथे भिंग हवं. अस्सल शिवराई ठशावर घाव घालून पाडलेली. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक गोल खड्डे आणि कडेला सांध्याची रेघ सापडू शकते. हाताने पाडलेल्या दोन शिवरायांत अक्षरं कधी सरकतात, कधी अर्धी कापली जातात. दोघींवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर निदान एक तरी साच्यातून आलेली आहे. हे बघण्याआधी त्यांना आमसूल लावून घासू नका, खुणा त्या मळातच असतात.