मदतनिधीसाठी मॅरेथॉन

मदतनिधीसाठी मॅरेथॉन : एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी ओळखीपाळखीच्या लोकांकडे देणगी मागायची आणि त्या मागण्याला निमित्त म्हणून ४२.१९५ किमी. धावायचे, अशी प्रथा. धावण्याने पैसा निर्माण होत नाही. धावणारा मागण्याचा हक्क तेवढा पायांनी कमावतो. प्रवेशशुल्क भरणे म्हणजे दान, हा समज मात्र चुकीचा. त्या शुल्कातून रस्त्यावरचा बंदोबस्त, पाणी, वेळ मोजणारी चिप आणि पदक यांचा खर्च निघतो. पुण्यात शाळेच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीलाही ‘मॅरेथॉन’ म्हणतात आणि लांबलेल्या बैठकीलाही, त्यामुळे देणगी देण्याआधी अंतर विचारून घेतलेले बरे.

पुण्यात मॅरेथॉन आणि वर्गणी यांची गाठ पडली ती उलट्या टोकाने. डेक्कन जिमखान्याच्या (स्थापना १९०६) १९१९ च्या क्रीडास्पर्धांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा यांच्या मनात आले, की हे धावपटू ऑलिंपिकला जायला हवेत. टाटांनी पदरचे पैसे घातले, लोकांनाही आवाहन झाले आणि १९२० साली अँटवर्पला भारताचा छोटासा संघ गेला. त्यातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. सदाशिव दातार यांची शर्यत पुरी झाली नाही. अंतरही त्या वर्षी ४२.७५ किमी. होते, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडे जास्त. दुसऱ्यासाठी मागत धावणारा धावपटू नंतरच्या काळातला. इथे आधी झोळी फिरली ती धावपटूच्याच वाटखर्चासाठी.

आजच्या प्रथेचा उगम परदेशातला. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला कॅनडाचा टेरी फॉक्स १२ एप्रिल १९८० रोजी कर्करोग-संशोधनासाठी पैसा जमवत कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन, अशी १४३ दिवसांत ५,३७३ किमी. धाव झाल्यावर रोग फुप्फुसांत पसरला आणि तो थांबला. पुढच्या वर्षी तो गेला. १९८८ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनला रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेसाठी ३८ जणांचा गट धावला आणि त्याने तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. संस्थेने प्रशिक्षण द्यायचे, धावपटूने ठरलेला निधी आणायचा, हा सौदा तिथून रुळला. १९८१ साली सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनमध्ये संस्था ठरावीक जागा विकत घेतात आणि निधी आणू शकणाऱ्यांना देतात. तिथे आजवर जमलेली रक्कम एक अब्ज पौंडांपलीकडे गेली आहे.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरेश कलमाडी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये सुरू झाली. मुंबईची शर्यत तिच्या दोन दशकांनंतरची (२००४), पण निधीसंकलनाची घडी बसवली ती मुंबईने. त्यामुळे संस्थेसाठी धावणारे कितीतरी पुणेकर सराव वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर करतात अन् जानेवारीत छातीवर बिब (धावपटूच्या क्रमांकाचा कागद) लावायला मुंबई गाठतात.

सरावाबद्दल फार लिहायला नको. अर्धमॅरेथॉन जमणाऱ्यालाही पुढे चारेक महिने लागतात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंमधली साखर संपत येते आणि पाय शिशाचे होतात. खरी कसोटी मागण्याची. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप जातो : ‘मुलींच्या वसतिगृहासाठी ४२ किलोमीटर धावतोय, किलोमीटरला दहा रुपये धरले तरी ४२० होतात.’ ४२० या आकड्यावर आधी दोन विनोद येतात. मग एक काका विचारतात, ‘पैसे संस्थेच्या खात्यात की तुझ्या?’ मग बराच वेळ काही नाही. रात्री अकराला एक काकू ५०१ रुपये भरल्याचा स्क्रीनशॉट टाकतात आणि पाठोपाठ तीन ५०१ येतात. पहिली देणगी ठसठशीत असावी, हे अनुभवी निधीसंकलक जाणतात. मागून येणारे तिच्याकडे बघूनच आपला आकडा ठरवतात. गणपतीची वर्गणी मागितलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

चार-चार पैशांतून मोठे काम उभे करण्याची सवय या भागाला जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडासाठी माणशी एक पैसा मागितला, लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिले आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम १९०० साली हिंगण्याला गेला, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला पायी येत-जात आणि शिकवण्यातून उरलेल्या वेळात आश्रमासाठी वर्गणी मागत. आज त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर रविवारी पहाटे सराव चालतो. फरक एवढाच, की कर्व्यांच्या पायपिटीला टाळ्या वाजवणारे कोणी नव्हते. विरोधक मात्र भरपूर होते.

प्रथेवर आक्षेपही आहेत. एवढा घाम गाळण्यापेक्षा सरळ चेक का लिहीत नाही, हा पुणेरी प्रश्न. त्याला उत्तर असे, की चेक एकाचा असतो आणि धावणाऱ्यामागे चाळीस जण देतात. त्यांतल्या अनेकांनी संस्थेचे नावही पूर्वी ऐकलेले नसते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्याच्या ओळखी पैसेवाल्यांत, त्याच्या संस्थेला जास्त मिळते. कामाची गरज आणि निधीचा आकडा यांचा मेळ बसेलच असे नाही. कंपनीतल्या साहेबाने मागितले तर नाही म्हणणे अवघड, हेही लपून राहत नाही.

हिशेबाची बाजू रूक्ष असली तरी तिच्यावाचून गाडी चालत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असावा लागतो. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत. धावपटूच्या खात्यावर गोळा करून नंतर भरणे कितीही प्रामाणिक असले तरी शंकेला वाव देते. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची प्राप्तिकर सवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच मिळते. त्यातही २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला या वजावटीचा उपयोग नाही. देणगीचे प्रमाणपत्र संस्था आर्थिक वर्ष संपल्यानंतर देते, त्याची मुदत ३१ मे. जानेवारीत धावलेल्याचे गुडघे तोवर कधीच बरे झालेले असतात, पण फोन येतच राहतात : ‘अरे, ती पावती आली का रे?’