पेसचं पदक जोडीचं नव्हे, एकट्याचं

कराडात खाशाबा जाधवांचा विषय निघाला की टेनिसपटू लिएंडर पेसचं नाव येतंच. आणि मागोमाग कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘पेस-भूपतीनं दुहेरीत पदक आणलं.’ मागच्या आठवड्यात हेच वाक्य मी शाळेतल्या मुलांच्या वहीत पाहिलं, म्हणून हा खुलासा.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधलं ते कांस्यपदक पुरुष एकेरीचं आहे. जागतिक क्रमवारीत शंभराच्याही बाहेर असलेला पेस वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, खेळत होता. त्यानं स्वीडनच्या एन्क्विस्टला हरवलं, इटलीच्या फुर्लानला हरवलं. उपांत्य फेरीत मात्र आगासीनं त्याला रोखलं. मग ब्राझीलच्या मेलिजेनीविरुद्धची कांस्यपदकाची लढत. मनगट दुखावलेलं, पहिला सेट ३-६ गेलेला. तिथून पुढचे दोन सेट ६-२, ६-४! कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य मिळवलं, त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं हे वैयक्तिक पदक.

दुहेरीत पेस आणि महेश भूपती ही जोडी अटलांटात लवकर बाद झाली. २००४ ला अथेन्समध्ये पदक अगदी हातातोंडाशी आलं होतं, पण क्रोएशियाच्या जोडीनं शेवटचा सेट १६-१४ असा घेतला.

घोळ होतो तो १९९९ मुळे. त्या वर्षी दोघांनी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं, घराघरांत ‘पेस-भूपती’ हे जोडनाव झालं आणि तीन वर्षं आधीचं पदकही लोकांनी त्याच खात्यात टाकलं.

वहीतली ती ओळ मुलांनी खोडली. जागी लिहिलं: पुरुष एकेरी.