न वाचलेल्या पुस्तकाची शिक्षा

डिसेंबर १९५९. मुंबईतल्या एका बुकस्टॉलवर पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक आलं आणि डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची काटछाट न केलेली प्रत विकत घेऊन गेलं. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली, म्हणजे अश्लील पुस्तक विकल्याबद्दल, दुकानाच्या चारही भागीदारांवर खटला झाला. दंड प्रत्येकी वीस रुपये, न भरल्यास आठवडाभर साधी कैद. रक्कम किरकोळ, पण त्यांच्यापैकी रणजित उदेशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली तिथेही हरले.

त्या निकालातला एक मुद्दा पुस्तकं विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. आत काय छापलंय हे विक्रेत्याला माहीत होतं, असं सरकार पक्षाला सिद्ध करावं लागत नाही. माहीत नव्हतं म्हणून शिक्षा कमी होईल, सुटका होणार नाही. गठ्ठ्याने माल उचलणाऱ्या दुकानदाराने पानन् पान वाचून मगच पुस्तक फळीवर लावायचं, ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते.

आपल्या न्यायालयाने अश्लीलतेची कसोटी घेतली ती इंग्लंडमधल्या १८६८ च्या हिक्लिन खटल्यातून: वाईट परिणाम सहज होऊ शकेल अशा मनांना मजकूर बिघडवेल का, हे पाहायचं. त्याच इंग्लंडने १९५९ च्या कायद्यात विक्रेत्याला वाट करून दिली: मजकूर तपासलेला नाही आणि संशय यावा असं कारणही नव्हतं, हे त्याने दाखवलं तर तो सुटतो. पुढच्याच वर्षी लंडनच्या ज्यूरीने याच कादंबरीच्या प्रकाशकाला निर्दोष सोडलं.

आपल्याकडे दिलासा मिळाला तो लेखकांना. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ कथेबद्दल चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दोषमुक्त केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठीच्या प्रकाशनांना अपवाद दिला. कैद मात्र तीन महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत वाढवली. हिक्लिन कसोटी न्यायालयाने बाजूला सारली ती थेट २०१४ मध्ये.

१ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत २९४ झालं आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. अठरा वर्षांखालच्या मुलाला असा माल विकला तर कलम २९५, कैद तीन वर्षांपर्यंत. तेव्हा मोठ्यांची मासिकं शाळकरी मुलांच्या हाताशी ठेवू नयेत. आणि इंग्लंडच्या दुकानदाराला १९५९ मध्ये मिळालेला तो बचाव या नव्या कलमातही नाही.