लिश्टनस्टाइन-स्वित्झर्लंडला निघताय? आधी औषधांची पिशवी नीट भरू

आमच्याबरोबर टूरला येणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि साठीच्या पुढच्या काका-काकूंनी तर हे दोनदा वाचा.

व्हिसा झाला, थर्मल आणले, लाडू-चिवड्याचे डबे भरायला घेतले की बहुतेकांना वाटतं तयारी झाली. औषधांचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "घेतल्यात हो गोळ्या, आणि तिकडे मिळतीलच की सगळं." तर तिकडे सगळं असं सहज मिळत नाही, म्हणून हे पत्रक.

लिश्टनस्टाइन म्हणजे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये बसलेला एवढासा देश, क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साधारण ४० हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव धरा. विमानतळ नाही, आपण झुरिकला उतरून बसने जातो. राजधानी वाडुझ, तिथले लोक फाडुत्स म्हणतात, आणि देशाचं सरकारी हॉस्पिटल तिथेच आहे. हॉस्पिटल चांगलं आहे पण लहान आहे, २०१४ मध्ये तर तिथला प्रसूती विभागसुद्धा बंद झाला आणि तिथल्या बायका बाळंतपणाला शेजारच्या देशात जातात. त्यामुळे तब्येतीचं काही मोठं निघालं तर पेशंटला ऱ्हाइन नदी ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या ग्राब्सला किंवा कूरला, नाहीतर ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्शला नेऊ शकतात. घाबरायचं कारण नाही, अंतरं थोडी आहेत आणि उपचार एक नंबर आहेत. पण म्हणूनच सांगतो, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायला निघू नका, अंगावरच ठेवा, कारण ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत तुम्हाला दुसऱ्या देशात घेऊन गेलेली असेल.

इन्शुरन्स: नुसता व्हिसापुरता घेऊ नका

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे ज्या एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं त्यासाठी, कमीत कमी ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि तो सगळ्या शेंगेन देशांना लागू असावा लागतो, लिश्टनस्टाइन २०११ पासून शेंगेनमध्ये आहे. पण हा आकडा व्हिसा मिळण्यापुरता आहे, तिकडच्या हॉस्पिटलचं बिल बघून ठरवलेला नाही. आमचं प्रामाणिक मत, थोडा जास्त प्रीमियम भरा आणि मोठं कव्हर घ्या, त्यात आमचा काही फायदा नाही, पॉलिसी तुम्ही कुठूनही काढा.

आणि हात जोडून विनंती, फॉर्मवर आधीपासूनचे आजार लिहा. रोज बीपीची गोळी घ्यायची आणि फॉर्मवर "नाही" टिक करायचं, हे आम्ही दर सीझनला बघतो, का तर प्रीमियम वाढतो. पुढे छातीत दुखलं आणि तिकडच्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये जुनं ब्लडप्रेशर लिहिलं की क्लेम अडकतो, मग खर्च स्विस फ्रँकमध्ये आणि तोही स्वतःच्या खिशातून. स्की करणार असाल, अगदी लिश्टनस्टाइनमधल्या मालबुनला मुलांनी तासभर शिकायचं ठरवलं तरी, पॉलिसीत स्की कव्हर आहे का ते बघा. डोंगरात अपघात झाला तर हेलिकॉप्टर येतं, फार लवकर येतं, पण त्याचं बिल काही हजार फ्रँक होतं.

गोळ्या

मागे एका टूरला एक काकू होत्या, शुगर-बीपी-थायरॉइड तिन्ही. बॅगेचं वजन वाचावं म्हणून त्यांनी प्रत्येक स्ट्रिप कात्रीने कापून लागतील तेवढ्याच गोळ्या एका डबीत भरल्या होत्या, आणि ती डबी चेक-इन बॅगेत. बॅग दुसऱ्या विमानाने दोन दिवसांनी आली. तिसऱ्या दिवशी कळलं की कापताना नाव असलेला भागच घरी राहिलाय, सगळ्या गोळ्या पांढऱ्या, गोल, कुठली बीपीची आणि कुठली थायरॉइडची ते त्यांनाही सांगता येईना. दिवस रविवारचा. औषधाच्या दुकानाला तिकडे आपोटेके म्हणतात, बाहेर हिरव्या क्रॉसची खूण असते, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद आणि उघडं मिळालं तरी प्रिस्क्रिप्शनशिवाय या गोळ्या देत नाहीत, ॲन्टिबायोटिक तर अजिबात नाही. शेवटी इकडे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून नावं घेतली, तिकडच्या डॉक्टरांकडून लिहून घेतली, अर्धा दिवस गेला आणि काकूंच्या डोळ्यात पाणी आलं ते वेगळंच.

तेव्हापासून आमचा नियम एकच, गोळ्या हातातल्या पिशवीत, अख्ख्या स्ट्रिपमध्ये, आणि टूरच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. सोबत डॉक्टरांकडून टाइप केलेली यादी घ्या ज्यात ब्रँड नको, मूळ औषधाचं नाव हवं, कारण क्रोसिन म्हटलं तर तिकडे कळणार नाही, पॅरासिटामॉल म्हटलं की लगेच कळतं. मात्र पोतंभर नेऊ नका, स्वतःच्या वापरासाठी साधारण महिनाभराचाच साठा नेता येतो. मुलाकडे झुरिकला तीन महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांनी हे आधीच मुलाला सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या गोळ्यांसाठी तो तिकडच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन ठेवेल. आयुर्वेदिक चूर्ण न्यायचं तर सीलबंद डबीतलं, घरच्या पुडीतलं नको. आणि तूप, पेढे, बर्फी राहू दे घरीच, दुधाचे पदार्थ भारतातून न्यायला तिकडे बंदी आहे.

इन्सुलिनवाल्यांनी जरा थांबून वाचा. इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीही नको, सामानाच्या जागेत गारठून गोठू शकतं आणि एकदा गोठलं की वितळल्यावरही ते वापरायचं नसतं. बर्फात फिरतानाही इन्सुलिनचं पेन बाहेरच्या सॅकमध्ये नाही, जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, तेव्हा प्रवासाच्या दिवशीचा डोस किती आणि कधी ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून आणा. अजून एक, हॉटेलवर इंजेक्शन घेऊन मग बसने जेवायला जायचं असं करू नका, ट्रॅफिक लागला तर वाटेतच शुगर खाली येते. जेवण समोर दिसलं की मगच घ्या, आणि खिशात लिमलेटच्या गोळ्या असू द्या.

उंची, ऊन आणि गोचीड

वाडुझ जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे, तिथे कुणाला त्रास होत नाही. फक्त या ऱ्हाइनच्या खोऱ्यात कधीकधी फ्योन नावाचा गरम कोरडा वारा सुटतो, मायग्रेनवाल्यांचं डोकं चढतं, गोळी जवळ ठेवा. खरी उंची स्वित्झर्लंडच्या बाजूला, टिटलिसचं वरचं स्टेशन ३,०२० मीटर आणि युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर, आणि तिथे आपण दोन-तीन तासांत पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. धाप लागते, गरगरतं, छाती धडधडते. वर गेल्यावर फोटोसाठी पळू नका, हळू चाला, पाणी पीत राहा, डोकं फार दुखायला लागलं किंवा उलटी झाली तर लाजू नका, टूर मॅनेजरला सांगा, पुढच्या गाडीने खाली उतरवू. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आणि दम्याचा जुना त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना या दोन उंचींचे आकडे दाखवूनच होकार घ्या. गॉगल आणि सनस्क्रीन थंडीतही हवंच, ताजा बर्फ बराचसा प्रकाश परत तोंडावर फेकतो.

आता गोचीड. आपल्याला ती गाईगुरांच्या अंगावरची माहीत असते, तिकडे उन्हाळ्यात ती गवतात-झुडपांत असते आणि तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो आणि मेंदूला सूज आणणारा एक व्हायरसही येतो. व्हायरसवर लस आहे, लाइमवर आपल्याला घेता येईल अशी लस नाही. आपल्या आठ-दहा दिवसांच्या बस टूरला लस लागतेच असं नाही, पण जंगलात ट्रेक करणार असाल तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना विचारा. गवतात मुलं खेळली की रात्री काखा, गुडघ्यामागची बाजू, केसांची मुळं तपासा. सापडली तर तेल, रॉकेल, पेटती काडी असलं काही नको, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नंतर काही दिवसांत तिथे लाल चट्टा पसरायला लागला, अगदी पुण्याला परत आल्यावरसुद्धा, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा, ॲम्ब्युलन्ससाठी १४४, तो दोन्ही देशांत चालतो, आणि ११२ युरोपभर. भाषा जर्मन, पण १४४ वर इंग्रजीत बोललं तरी चालतं, सुरुवातीलाच ठिकाणाचं नाव सांगा. मदत हवी तर "हिल्फे" म्हणा.

निघायच्या तीन आठवडे आधी गोळ्यांची यादी, पॉलिसी, अ‍ॅलर्जी असेल तर ती, आणि हृदयाचं काही झालं असेल तर शेवटचा ईसीजी एवढं आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर पाठवा किंवा घेऊन या. आम्ही त्याचं एक पानी कार्ड करून देतो, एक तुमच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये, एक टूर मॅनेजरकडे. ते ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरात छापतो, वेगळे पैसे नाहीत.